मुरत ठेवलेली तक्रार

सोमवार, ३
नगरसेवकाविरुद्ध तक्रार करायची. ठरलं म्हणजे ठरलं. काल वॉर्डाच्या सभेत आमच्या हिनं उभं राहून विचारलं, वाचनालयाचं छप्पर कधी दुरुस्त होणार? ही तिथली ग्रंथपाल. पुस्तकांवर प्लास्टिक टाकून बसते बिचारी, प्रश्न रास्तच होता. तर साहेब माइकवरून म्हणाले, बाईंना घरी कोणी विचारत नसेल, म्हणून इथे येऊन विचारतात. सगळा हॉल हसला, टाळ्या पडल्या. ही मुकाट्यानं खाली बसली. मी शेजारीच होतो. तिथल्या तिथे जाब विचारणार होतो, पण नेमके हात गुंतलेले होते.

मंगळवार, ४
मेव्हणीचा फोन. भाऊजी, काय केलंत? म्हटलं, प्रोसेस सुरू आहे. ती म्हणाली, म्हणजे काही नाही. या मुलीला ऑफिसचं काम कळत नाही.

गुरुवार, ६
मसुदा तयार. झकास. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार-खिडकीवर उगाच नाही केस पांढरे केले. आमची पद्धत अशी की ताजी तक्रार पुढे पाठवायची नाही. लाल ट्रेमध्ये आठवडाभर मुरू द्यायची. निम्मे लोक आपोआप थंड होतात. माझी तक्रारही त्याच ट्रेमध्ये ठेवली. नियम सगळ्यांना सारखा.

शनिवार, ८
हिनं तक्रारीबद्दल एका शब्दानं विचारलेलं नाही. विश्वास म्हणतात तो हाच. जेवताना टीव्ही चालू होता. काय लागलं होतं, दोघांनाही सांगता येणार नाही.

गुरुवार, १३
मसुदा पुन्हा वाचला. ‘निर्लज्ज’ काढून ‘अनुचित’ घातलं. दुपारी ‘काहीसं अनुचित’ केलं. संयमी भाषेचा मार जास्त लागतो.

सोमवार, १७
नगरसेवक आमच्या ऑफिसात आले. सगळे उभे राहिले. मीही राहिलो, पण सगळ्यांत शेवटी. त्यांना काय समजायचं ते समजलं असणार. जाताना दार मी उघडून धरलं, तेही मुद्दाम थंडपणे.

गुरुवार, २०
हिनं वाचनालयाची किल्ली टेबलावर ठेवली. म्हणाली, उद्यापासून जाणार नाही, लोक पुस्तक परत करतानाही हसतात. मी म्हटलं, थांब, तक्रार उद्या जातेय. पालिकेची तक्रार समिती तुझी बाजू घेईल, मग ताठ मानेनं जा. तिनं वर बघितलं. बऱ्याच दिवसांनी. बरं वाटलं. मग आठवलं की तक्रार अजून ट्रेमध्येच आहे.

शुक्रवार, २१
पाठवली! शिपायानं विचारलं, साहेब, मुरली का? लक्ष दिलं नाही. पुरावा म्हणून सभेचं व्हिडिओ रेकॉर्डिंग मागवावं, अशी विनंतीही जोडली. मास्टरस्ट्रोक. आता साहेबांची सुटका नाही.

शुक्रवार, २८, सकाळ
आज सुनावणी. इस्त्रीचा शर्ट. हीही नीटनेटकी साडी नेसली आहे. रेकॉर्डिंग आलंय, असं कळलं. अर्धी लढाई जिंकलीच.

शुक्रवार, २८, दुपार
भिंतीवरच्या टीव्हीवर लावलं. साहेबांचं वाक्य स्वच्छ ऐकू आलं. मग कॅमेरा लोकांकडे वळला. ही खाली बसताना दिसते. तिच्या शेजारी एक गृहस्थ टाळ्या वाजवतो आहे. हसतोही आहे. बाकीचे थांबले तरी त्याचं चालूच. अध्यक्षांनी चित्र थांबवून विचारलं, हे कोण? म्हटलं, उजेड नीट नाही, सांगता येत नाही. ही म्हणाली, हेच. माझे मिस्टर.
नगरसेवक माझ्याकडे बघून मान हलवत होते. आपुलकीनं.
मी समितीला समजावलं की सभेत टाळ्या वाजतात तेव्हा हात आपोआप वाजतात, त्याला मत म्हणत नाहीत. ते लिहून घेत होते. वळून बघितलं तर हिची खुर्ची रिकामी.

शुक्रवार, २८, संध्याकाळ
टेबलावरची वाचनालयाची किल्ली नाही. म्हणजे ही कामावर गेली. म्हणजे तक्रारीचा उपयोग झाला.
त्याच जागी दुसरी किल्ली आहे. आपल्या घराची. हिची.
मेव्हणीचा फोन आला. ताई माझ्याकडे आहे, म्हणाली, आणि ठेवून दिला. भाऊजीसुद्धा म्हणाली नाही.
घर फार शांत आहे. जरा भीती वाटली. आत्ताच जाऊन समजूत काढावी असं मनात आलं, चप्पलही घातली होती.
पण घाई नको. आठवडाभर मुरू द्यावं. निम्मे लोक आपोआप थंड होतात.