उठायची रीत

अप्पा,

शेजाऱ्यांची नात काल पुस्तक घेऊन आली. "आजी, नाट्यप्रकार सांग ना, उद्या तोंडी परीक्षा आहे." जित्याची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही, लगेच सुरू झाले. सुखांतिका, शोकांतिका, प्रहसन, एकांकिका. बोलता बोलता लक्षात आलं की शब्द माझे नाहीत, तुमचे आहेत. आपल्या संगमनेरजवळच्या अकोल्याच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून, ताटातला भात गार करत, तुम्ही दादाला आणि मला हेच सांगायचात. गोष्ट एकट्याने वाचता येते, नाटकाला समोर माणसं लागतात. आणि प्रकारांचं फार स्तोम माजवू नका, म्हणायचात. "माणसाची चूक तीच असते. तिच्यावर गाव हसलं की प्रहसन, ती निस्तरली की सुखांतिका. निस्तरायला उशीर झाला की शोकांतिका." आई चुलीपुढून म्हणायची, "आधी जेवा, मग मारा कोणाला मारायचं ते."

लढाईची वर्षं होती. रॉकेल रेशनवर, म्हणून त्या चैत्रात जत्रेचं नाटक भर दुपारी ठेवलं. नाटक तुमचंच, बापाच्या हट्टापायी मुलगा मरतो असं, आणि मुलाचं काम दादाकडे. बैलगाड्या जोडून त्यांवर फळ्या टाकलेल्या, पडद्याच्या जागी दोन घोंगड्या, समोर देवीचं देऊळ. आपल्या गावची रीत अशी, की नाटकात मेलेल्या माणसाने पडदा पडण्याआधी लोकांदेखत उठायचं, देवळाकडे तोंड करून नमस्कार करायचा, मग गुरव त्याला कुंकू लावायचा. लोक "उठला, उठला" म्हणून टाळ्या पिटायचे. तुम्हाला तो पोरखेळ वाटायचा. "तीन अंक रडवायचं आणि शेवटी गुदगुल्या करायच्या, हे काय नाटक झालं?" असं चिडून म्हणायचात.

मी बायकांच्या बाजूला आईजवळ बसले होते. दादा फळ्यांवर पडला आहे. डोळे मिटलेले, पण छाती खालीवर होते आहे. मला ते दिसतंय आणि बरं वाटतंय. तुम्ही घोंगडीची दोरी धरून कडेला उभे. पाटील उठून पुढे आले.

"मास्तर, पोराला उठवा. देवीम्होरं मेल्यालं मानूस असं पडून ऱ्हात न्हाई."

"पाटील, तो उठला तर सगळं नाटक फुकट गेलं."

"जाऊ द्या की. आमी रडलो, तेवढं लई झालं."

दादाने एक डोळा किलकिला करून तुमच्याकडे पाहिलं, उठू का, म्हणून. तुम्ही मानेनेच नाही म्हणालात आणि घोंगडी ओढलीत. टाळ्या झाल्या नाहीत. लोक गुमान उठून गेले. घरी येताना तुम्ही किती खूश होतात! "बघितलंस? एकानेही टाळी वाजवली नाही. याला म्हणतात शोकांतिका." दादाच्या गालावर रंग तसाच होता आणि तोही हसत होता.

श्रावणात त्याला विषमज्वर झाला. पुराने रस्ता बंद पडला, संगमनेरहून डॉक्टर येऊ शकला नाही. मी उशाशी बसून त्याची छाती बघत होते, जत्रेत बघितली होती तशीच, आणि ती थांबलेली मला सगळ्यांच्या आधी कळली. आई रडली नाही. तुमच्याकडे बघून म्हणाली, "आता तरी म्हणा त्याला, ऊठ."

आणि अप्पा, तुम्ही म्हणालात. वर्गात हजेरी घेताना असायचा तसा आवाज. "ऊठ रे." दोनदा म्हणालात. दारात पाटील उभे होते, त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं.

गावात तुम्हाला तोंडावर कोणी काही बोललं नाही. लोक चांगले होते, त्याचाच तुम्हाला जास्त त्रास झाला असणार. पुढे कितीतरी वर्षं तुम्ही शिकवलंत, पण शोकांतिकेचा शेवट वर्गात वाचला नाहीत. एक पान उरलं की पुस्तक मिटायचात आणि म्हणायचात, "पुढचं घरी वाचा." मी तुमच्याच वर्गात शिकले, मग स्वतः शिकवू लागले आणि हट्टाने शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले. तापाला पडदा कळत नाही, जत्रा कळत नाही, हे मी आईला सांगितलं, गावाला सांगितलं. प्रसंगी भांडून सांगितलं. तुम्हाला मात्र कधी सांगितलं नाही. तुम्ही ओसरीवर बसलेले असायचात आणि मी पाणी ठेवून आत जायची.

तर काल ती पोर म्हणाली, "आजी, मी करून दाखवते." धड्यातला मरणाचा उतारा तिने म्हटला आणि चटईवर आडवी झाली. छान पडली. दुपारची वेळ, खिडकीतलं ऊन अंगावर, डोळे मिटलेले, छाती खालीवर. मी म्हटलं, "ऊठ." ती हलेना. "थांब ना आजी, मेलेय मी अजून." "ऊठ म्हणते ना!" इतक्या जोरात ओरडले की बिचारी दचकून उठून बसली. आवाज तुमचाच निघाला, अप्पा. मग मी तिला देवघराकडे तोंड करायला लावलं, नमस्कार करायला लावला, आणि कपाळाला कुंकू लावलं.

"हा कुठला प्रकार?" तिने विचारलं. पुस्तकात शोधू लागली.

"आमच्या गावचा आहे," मी म्हटलं. "परीक्षेत सांगू नकोस."

आज हा कागद घेतला. एकच वाक्य लिहायचं होतं: तुमची चूक नव्हती. आयुष्यभर जगाला सांगितलं, इतकं पाठ झालं आहे की झोपेतही म्हणेन. पाकीट नाही, पत्ता नाही, वाचणारंही कोणी नाही, तेव्हा अडचण कसलीच नव्हती. वर लिहिलंय ते सगळं त्या वाक्याकडे यायचं म्हणून लिहिलं. आता इथवर आले आहे, आणि तुम्हाला म्हणून ते वाक्य माझ्याच्याने लिहवत नाही.