जाळ्यांविना रविवार

१४ जानेवारी २०११, शुक्रवार

नागपूरच्या नौकानयन क्लबवाल्यांच्या शिडाच्या नावेत बसायला बाबांनी एका शब्दात हो म्हटलं. मग स्वतःच्या मासेमारीच्या डोंग्यात मला आजवर का बसवलं नाही? आमच्या ढिवरांच्या घरात बाईनं मासे विकावेत, डोंग्यात पाय ठेवू नये. घरातली पहिली बी.ए. झाले, तरी तेच!

परवा क्लबची सहल. सहा नावा, दिवसभर तलावाच्या काठाकाठानं. नावांच्या तळाला जाळी अडकतात, म्हणून, मला क्लबात घेऊन शिडं शिकवणार म्हणणाऱ्या अश्विन सरांनी गळ घातली, गावाशी बोल. मी घरोघर फिरले. एकच रविवार जाळी काढा, आपल्या मुली शिडं शिकतील, गावात चार लोक येतील. सगळ्यांनी ऐकलं. बिसरामकाका तेवढे म्हणाले, "रविवारीच त केशोरीच्या बाजारात मासे खपते, बाई. त्या दिवशी घरी बसून का करू?"

१५ जानेवारी

वारा छान आहे. उद्या सुकाणू माझ्या हाती!

१६ जानेवारी, रविवार

शीड फुगलं तेव्हा मी आनंदानं ओरडलेच. बाकीच्या नावांतून लोक हात हलवत होते. आपला तलाव इतका मोठा आहे हे मला काठावरून कधी कळलंच नव्हतं.

मग नाव अडकली. बिसरामकाकांचं जाळं. त्यांनी काढलं नव्हतं. सरांनी वाकून चाकूनं सरळ कापलं. शेजारच्या नावेतून कुणीतरी ओरडलं, "चलो, मछली तो बच गई!" सगळे हसले. मी सुकाणू धरून बसले होते.

पलीकडच्या काठावर जेवताना सर खुशीत होते. म्हणाले, आता दर रविवारी असंच. जाळी नकोतच. "तू सांगितलंस की ऐकतात तुझं. म्हणून तर तुला घेतलं!"

शिडं शिकवायला नव्हे. यासाठी.

१७ जानेवारी

बाबांनी सगळं ऐकलं. रागावले नाहीत, तेच वाईट.

"बिसरामचं जाळं कापून रायले होते, अन् तू पाहून रायली होतीस?"

हो म्हटलं. ते उठून अंगणात गेले.

२० जानेवारी

काकांकडून जाळं मागून आणलं. काकू दारातूनच म्हणाली, "शिकली पोरगी जाळं कापाले जाते, आता शिवाले आली काय?" आईनं गाठ कशी मारायची ते दाखवलं. बोटं सोलली आहेत. सरांचा निरोप आला, रविवारचं गावात सांगितलंस ना? मी पुढची गाठ मारायला घेतली.

२३ जानेवारी, रविवार

पहाटे बाबांच्या आधी डोंग्यात जाऊन बसले. विचारलं नाही. ते थबकले, मग म्हणाले, "मंधात बस, नाहीतर उलटवशील." शिडं जिथून निघतात, तिथंच काकांचं सांधलेलं जाळं माझ्या हातानं पाण्यात सोडून आले.