न घेतलेली गिरकी

बाबा, मागच्या रविवारी शर्यतीत माझी होडी बोयाला घासली. वळण कुठे घ्यायचं ते कळावं म्हणून पाण्यावर तो नारंगी फुगा बांधलेला असतो. त्याला होडी लागली तर लगेच एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि मग पुढे जायचं. पंच बहुतेक वेळा लांब असतात. लागलं की नाही ते ज्याचं त्याने कबूल करायचं. मी गिरकी घेतली आणि सहावी आले.

तुम्ही माझी शर्यत बघायला एकदाच आलात. मानपाड्याच्या कंपनीत छटा जराशी चुकली तरी रंगाचा अख्खा घाणा परत पाठवणारे तुम्ही, त्या दिवशी रजा टाकून धक्क्यावर उभे होतात, डोक्यावर रुमाल, हातात माझा डबा. शेवटच्या वळणावर मी सगळ्यांच्या पुढे होते. होडी बोयाला घासली. जवळ कोणी नव्हतं. मी तशीच पुढे गेले. संध्याकाळी ठाकुर्लीला उतरून आपण घरी चालतोय, पदक तुमच्या खिशात आहे, आणि तुम्ही विचारता, "तो फुगा घासला ना गं तुला?"

"घासला. चालतं तेवढं."

"मग ठीक."

दुसऱ्या दिवशी तुम्ही बिल्डिंगमध्ये पेढे वाटलेत. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, कोळ्यांच्या पोरी जन्मभर होडीत असतात, त्यांना कोण पदक देतं? तुम्ही म्हणालात, त्यांच्याशी शर्यत लावली तर आमची शेवटचीच येईल.

वर्षभराने मी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायला शिकायला गेले. तुम्हाला वाटलं, होडीचा कंटाळा आला. आज मी दोन्हींच्या स्पर्धांना जाते. दोन्ही कशाला, असं कोणी विचारलं की वाऱ्याबद्दल काहीतरी सांगते. खरं म्हणजे ग्लायडरमध्ये एक यंत्र असतं. कुठे वळलो, किती उंचीवर होतो, सगळं त्यात उमटतं. उतरल्यावर ते पंचांकडे द्यायचं. आपल्याला काही कबूल करावं लागत नाही. मला ते बरं वाटलं.

पदक परत करायचं ठरवलं आहे. त्याआधी आईला सांगायला हवं. तुम्ही गेल्यावरही ती ते अजून दर शनिवारी पुसते. तिच्यासाठी चिठ्ठी लिहायला बसले आणि वर 'बाबा' लिहिलं. ही काही तिला देता येणार नाही.

तुम्ही धक्क्यावर होतात म्हणून मी थांबले नाही, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. तुम्ही तिथे आहात हे त्या वेळी माझ्या लक्षातही नव्हतं.