अमोराइटांचे चुलते आणि आमचे बारसे

नॉटिंगहॅम,
१४ मार्च २००६

तीर्थरूप कमलाकरकाकांस,

विनयचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा आता देवळाच्या पायऱ्या चढू देतो का? इकडे सगळ्यांच्या तब्येती उत्तम, फक्त घरात अबोला आहे.

शनिवारी सकाळी पूजा आटोपून मी इथल्या लायब्ररीत एका व्याख्यानाला गेलो. (खरे तर घरात नातवाच्या नावावरून वाद पेटला होता आणि लायब्ररीत शांतता असते.) विषय होता अमोराइट लोक. चार हजार वर्षांपूर्वीची ही सीरियाकडची मेंढपाळ माणसे. बॅबिलोनसारख्या शहरांत राजे होऊन बसली, पण लिहायला तिथलीच भाषा घेतली. त्यांची स्वतःची भाषा आज उरली आहे ती जवळजवळ फक्त माणसांच्या नावांत, असे व्याख्यात्या बाई म्हणाल्या. (मला आमच्या चिरंजीवांचे, कुशचे, मराठी आठवले.) त्यातली कितीतरी नावे म्हणजे एकेक छोटी प्रार्थना, आणि देवाच्या जागी पुष्कळदा चक्क चुलता! हम्मुराबी राजाच्या नावातही चुलता आहे. तो थोर आहे की बरे करणारा, यावर पंडितांचे एकमत नाही. मला मात्र वडील गेल्यावर मला सायकलवर बसवून शाळेत नेणारे तुम्ही दिसलात. त्या व्याख्यानात डोळे पुसणारा मी एकटाच.

घरी येऊन म्हटले, या बाळाच्या नातवंडांना मराठी येणार नाही, निदान नाव तरी मागे राहू दे. कुश म्हणाला, "बाबा, लिओ इज इझी. शाळेत कोणी दहादा स्पेलिंग विचारणार नाही." त्यावर ईशिता, म्हणजे बाळाची आत्या, म्हणाली, "नाव मी ठेवणार ना? देन बोथ ऑफ यू, गप्प!" सूनबाई दोन्हीकडे बघून हसली. मूल त्यांचे, आपण मध्ये पडायचे नाही, असे मी देवापुढे कबूल केले.

काकूंना नमस्कार.
तुमचा विनय

ता. क. : एक विनंती. आमच्या सौ. सुनीतीला तुमचे नाव तोंडाने घ्यायची, वेळ पडल्यास त्या नावाला दटावायचीही, परवानगी पत्राने द्यावी. चुलतसासऱ्यांचे नाव कसे घ्यायचे म्हणून ती बाळाला 'अहो' म्हणते. काल "अहो, पाय वर करा" ऐकून मी पेपर वाचता वाचता पाय वर केले. ती लंगोट बदलत होती.

दुसरा ता. क. : कुश अजून रुसलेला आहे, पण रजिस्ट्रारकडे लिओच्या पुढे ते नाव त्यानेच लिहून आणले. कारण रविवारी बारशाला ईशिता पाळण्यावर वाकायच्या आत मी वाकलो आणि बाळाच्या कानात 'कमलाकर' म्हणालो. हयात वडीलधाऱ्याचे नाव आपल्यात ठेवत नाहीत, हे मला त्याही वेळी ठाऊक होते.