वारा कुठल्या अंगाचा

॥ श्री ॥
माळेवाडी, ता. रत्नागिरी
दि. २० एप्रिल २०२३

चि. सौ. चिमास मथुरावहिनीचे अ. उ. आ.

अक्षर सुनेचं, हेमाचं आहे, बडबड माझी. तुझे कान गेले आणि मला अक्षर कधी आलंच नाही. फोन केला तर तू नुसतं काय काय करत राहणार आणि मी सांगितलेलं तुला सोडून अख्ख्या वाडीला ऐकू जाणार. त्यापेक्षा हे बरं. तू चवथी पास नणंद, मी अंगठेबहाद्दर वहिनी. देवाने जोडी बरी जमवली.

यंदा हापूस बेताचा आहे, रायवळाला मात्र पानोपानी आंबा. ओल्या काजूची उसळ तीनदा झाली, अनिल चौथ्यांदा मागत होता. तुला आंब्याची साठं पाठवीन म्हटलं होतं, पण यंदाच्या साठांना धुराचा वास लागलाय. तेच सांगायला बसले आहे.

मंगळवारी दुपारी आपला वरचा कातळाचा सडा पेटला. अनिलची कलमं गेली. बावीस होती, त्यातली सोळा कोळसा झाली, सहा अर्धी भाजली. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले होते पोराने. नोकरी सांभाळून सात उन्हाळे खालच्या विहिरीचं पाणी वर वाहिलं. यंदा पहिल्यांदा फळ धरलं होतं.

त्या दिवशी वर दोघांची भाजावळ होती, आमची आणि हद्दीच्या दगडी गडग्यापलीकडच्या भागोजीची. हेदवीला जाऊन विसरली असशील म्हणून सांगते, भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, तोडलेल्या फांद्यांचा टाळ, सुका पातेरा पसरून जाळायचा आणि राख गार होईपर्यंत जागा सोडायची नाही. मी आमची भाजली, पाणी मारलं आणि खळ्यातली साठं उलथायला खाली आले. बारा वाजून गेले होते, समुद्रावरचा वारा सुटला होता. वर बघते तर धूर.

आग भागोजीचीच, असं अनिलने धरलंय. गेल्या वर्षी गडगा हातभर सरकला की नाही यावरून दोघांचं वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद आहे. भागोजी सगळ्यांच्या आधी धावला, अनवाणी. टाळाने आग झोडपली आणि दोन्ही तळपाय भाजून घेतले. आता लोक म्हणतात, आग स्वतःची नसती तर इतका धावला असता का? ७ मेच्या रविवारी गावकी बसणार आहे आणि सोमवारी अनिल पोलिसांत तक्रार देणार आहे.

हेमाचा हात दुखला, चहाही गार झाला तिचा. जीव आहे तसाच लावून ठेव.

तुझी वहिनी
मथुरा (अंगठा)


हेदवी, ता. गुहागर
दि. २५ एप्रिल २०२३

ति. स्व. वहिनीस चिमाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन घास गेले नाहीत. अनिलच्या जिवाला काय वाटलं असेल ते कळतं. भागोजीच्या पायांना काय लावताय? फोड फोडू नका म्हणावं, आणि शेण-हळदीचे घरगुती उपाय नकोत, डॉक्टर सांगेल तेच करा. हे मी तुला सांगत्येय, कारण त्याच्या बायकोला, गंगाला, कोण काय काय सुचवत असेल ते मला इथून दिसतंय.

इकडे देवळाच्या वाटेवरचा बिटकीचा आंबा लागलाय. खाली पडलेलेच वेचून आणते; झाडावर चढायचं वय तुझं, माझं नाही. यांनी परड्यात दुधी लावलाय. रोज त्याची उंची मोजतात आणि मला सांगतात. मला ऐकू येत नाही, म्हणून संसार सुखाचा चाललाय.

वहिनी, एक विचारते. मी त्या घरात अठरा वर्षं वाढले, आईबरोबर त्याच जागेवर भाजावळ केली. आपली रोपाची जागा सड्याच्या समुद्राकडच्या अंगाला, भागोजीची डोंगराकडच्या अंगाला आणि कलमं मधे. वारा समुद्रावरचा होता असं तूच लिहवलंस. मग भागोजीची आग वाऱ्याच्या तोंडावर चालत कलमांत कशी आली? जागा बदलल्या असतील तर तसं कळव, म्हणजे माझ्या डोक्यातला किडा जाईल.

घरात सर्वांना यथायोग्य. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी नणंद
चिमा


माळेवाडी
दि. २९ एप्रिल २०२३

चि. सौ. चिमास अ. उ. आ.

चवथी शिकलेल्या बाईला किडे फार होतात, असं सासूबाई म्हणायच्या. खोटं नव्हतं.

वारा काय, वारा फिरतो. सड्यावर उभी राहा आणि सांग मला, घटकाभर तरी तो एका जागी थांबतो का? तुला माहेर सोडून पन्नास वर्षं झाली. तेव्हाच्या वाऱ्यावर आत्ताची आग मोजू नये. मी पाणी मारलं होतं, हे मी अनिललाही सांगितलंय आणि त्याने पुन्हा विचारलं नाही. मथुरा भाजावळ सोडून उठत नाही, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. नव्या सुना माझ्याकडे शिकायला येतात.

तुझं पत्र हेमाने वाचून दाखवलं. वाऱ्याशी आली तशी थांबली, परत पहिल्यापासून वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तिला दुधीचं वाच म्हटलं.

बाकी ठीक. रातांबे फोडायला घेतलेत, हात लालभडक झालेत. आमसुलं वाळत घातली आहेत. अनिल संध्याकाळी कामावरून आला की घरात न येता सरळ सड्यावर जातो आणि काळोख पडल्यावर उतरतो. परवा फणसाची भाजी केली, त्याच्या आवडीची, आठळ्या घालून. त्याने पान तसंच ठेवलं. भागोजीकडे आता कुणी फिरकत नाही. त्याची गंगा विहिरीवर आली की बाया कळश्या उचलून वाटेला लागतात. मीही परवा उचलली.

आता वाऱ्याचं पुरे. दुसरं काहीतरी विचार. इकडच्या म्हातारीवर राग धरू नकोस, एवढंच मागणं.

मथुरा (अंगठा)

(हे मी माझं लिहिते, आईंना वाचता येत नाही म्हणून लिहिता येतंय. आत्या, वारा समुद्रावरचाच होता. मी त्या दिवशी रजेवर घरी होते, दोरीवरचे कपडे डोंगराकडे, गडग्याच्या बाजूला उडत होते. ह्यांना सांगितलं तर आईंचं काय होईल, आणि नाही सांगितलं तर भागोजीभावोजींचं. मला झोप नाही. – हेमा)


हेदवी
दि. ३ मे २०२३

ति. स्व. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

हेमा, हे पत्र आईंना सगळं वाचून दाखव, एकही ओळ गाळू नकोस. आणि अनिलला तुझ्या तोंडून काही कळता कामा नये. सुनेने सासूची चूक सांगितली की चूक मागे राहते आणि सूनच पुढे येते. ज्याचं त्यानेच सांगायचं.

वहिनी, आता तुला. तू पाणी मारलं नव्हतंस. मारलं असतंस तर मागच्या पत्रात मला चार शिव्या घातल्या असत्यास. त्याऐवजी तू मला वारा शिकवलास. चूक झाली याचं मला काही वाटत नाही. भाजावळ सुटते. आईच्या हातून एकदा सुटली होती आणि गोठ्याचा कूड जळला होता. तिने त्याच संध्याकाळी आप्पांना सांगितलं. आप्पा चिडले, मग कूड बांधायला बसले.

पण भागोजीचे पाय भाजलेत तुझ्या आगीत, आणि तू त्याच्या बायकोपुढून कळशी उचललीस. हे मला पचत नाही. रविवारी गावकी आहे. सोमवारी तक्रार गेली की ती कागदावर गेली, मग तुझ्यामाझ्यासारखी कितीही ओरडली तरी पुसली जायची नाही.

तू कशाला भितेस ते मला ठाऊक आहे. अनिल रागावेल म्हणून नाही. उद्यापासून तुझ्या हाती कुणी काड्यापेटी देणार नाही, म्हातारीला पडवीत बसवून जपमाळ देतील, याला भितेस. देऊ देत. कान गेल्यापासून मी बसलेय की चार वर्षं पडवीत. मेले नाही.

तुझ्या मायेवरच हे लिहायची हिंमत केली, ती काढून घेऊ नकोस.

चिमा


माळेवाडी
दि. ७ मे २०२३, रविवार सकाळ

चि. सौ. चिमास अ. उ. आ.

अक्षर बदललेलं बघून तू चष्मा पुसशील. हेमा घरी आहे, तिला सांगता आलं असतं. मी मुद्दाम गडगा ओलांडून आले आहे. हे अक्षर भागोजीच्या गंगाचं आहे. बचत गटात सह्या करता करता शिकली. सावकाश लिहिते, अक्षर मोठं काढते. नणंदेला पत्र लिहायचंय, हेमाला वेळ नाही, असं तिला खोटंच सांगून बसवलं. तिनेही पाट दिला, पाणी दिलं. मी तिला बघून विहिरीवरून निघून गेले होते, ते तिने काढलं नाही.

तर गंगा, लिही. सड्याची आग माझी. भाजावळीच्या कडेला ऐनाचा जुना खुंट आहे. तो आतून धुमसत होता, मला दिसत होतं. घरी साठांना मुंग्या लागल्या होत्या. म्हटलं, उलथून येते, तेवढ्यात काय होतंय. भरलेली कळशी तिथेच ठेवून उतरले. पाणी मारलं नाही. अनिलला मारलं म्हणून सांगितलं. सोळा कलमं माझ्या हातून गेली आणि भागोजीचे पाय माझ्या हातून गेले.

चिमे, इथवर लिहून गंगा उठली. पेन पाटावर ठेवलं आणि आत गेली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. कोंबडी तीनदा उंबऱ्यावर आली, मी हाकलली नाही. आतून दोघांचं बोलणं येत होतं. मग ती बाहेर आली, बसली, आणि पुढे काय लिहू असं विचारलं. माझ्याकडे न बघता.

मग आतून भागोजी बोलला. म्हणाला, धूर कुठून उठला ते त्याने सुरुवातीलाच बघितलं होतं, काकीच्या, म्हणजे माझ्या, खुंटाकडून. काकी तिथेच असणार असं वाटलं म्हणून चपला न घालता धावला. मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीस? म्हणाला, त्याला कुणी विचारलंच नाही काय बघितलंस म्हणून. सगळे एवढंच विचारत होते की तू तेव्हा कुठे होतास.

 

मग मी गंगाला म्हटलं, हा कागद घेऊन गावकीत चल आणि वाचून दाखव, मी खाली अंगठा देते. तिने नाही म्हटलं. म्हणाली, काकी, तुम्हाला लिहिता येत नाही. बोलता येतं ना? सगळ्या वाडीला ऐकू जातं तुमचं.

खरं आहे. माझी अडचण कधी अक्षराची नव्हतीच.

देवळाकडे माणसं जमायला लागलीत. अनिलच्या मोटरसायकलचा आवाज आला. मी उठते. कागद इथेच ठेवते. आज गावात माझी पत राहील न राहील, तुझ्याकडची तेवढी राखून ठेव.

मथुरा (अंगठा)

ता. क. दि. ८ मे. चिमाआत्यांस गंगाचा नमस्कार. पत्र काल राहिलं, आज टाकते. काकी गावकीत उभ्या राहून बोलल्या. खुंट, कळशी, मुंग्या, सगळं. त्यांना माफ केलं असं लिहायला त्यांनी सांगितलं नाही आणि मीही लिहीत नाही. आज तक्रार गेली नाही. सकाळी अनिलभावोजी आमच्या पडवीत येऊन उभे राहिले. ह्यांच्या पायांकडे बघत राहिले. मग हे म्हणाले, बस. तेव्हा बसले.