टिंबांच्या जागी नाव

पनवेल,
ता. ९ जानेवारी १९६१

ती. दादास,
चंद्रावतीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणजे कोणीच खुशाल नाही आणि त्याला कारण तू आहेस.

परवा शाळेतून घरी आले तर पोस्टमन दारात उभा. तुझ्या गिरगावच्या प्रकाशक शेटजींच्या वकिलाची नोटीस, रजिस्टर पोस्टाने, तीही इंग्रजीत. आमच्या हेडमास्तरांकडून अर्थ लावून घेतला. आईची लग्नातली गाणी, आपले धवले, तू ज्या पुस्तकात छापलेस त्याचे सर्व हक्क शेटजींच्या स्वाधीन आहेत म्हणे. मी त्याची चोरी करून सोळा पानांची पुस्तिका काढली. त्या सगळ्या पुस्तिका महिन्याभरात त्यांच्या हवाली कराव्यात, पुन्हा छापू नयेत, आणि ही गाणी जाहीरपणे म्हणायची तर आधी त्यांची लेखी परवानगी काढावी. दादा, धवले जाहीरपणेच म्हणतात. कोपऱ्यात कुजबुजून धवलारणीने कोणाचं लग्न लावल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

पुस्तिका का काढली ते तुला ठाऊक आहे. आईचा दमा वाढलाय. एक धवला झाला की तिला भिंतीला टेकून बसावं लागतं. तिच्याकडे आठ मुली शिकायला येतात, त्यांना घरी पाठ करायला हातात काहीतरी हवं, म्हणून मी आईच्या तोंडून सगळं नव्याने उतरवून घेतलं आणि धर्मराजभाऊंच्या छापखान्यात छापलं. तुझ्या पुस्तकाचं पानसुद्धा उघडलं नाही. आता धर्मराजभाऊंनाही नोटीस गेली आहे. त्यांनी घाबरून दुसऱ्या छपाईसाठी जुळवलेले खिळे सोडून टाकले. पहिल्या छपाईच्या प्रती आजूबाजूच्या बायकांनी नेल्या, चारच उरल्या, म्हणून अर्ध्या मुली पुस्तिकेवाचून बसल्या आहेत.

चोरी म्हणतात तर पुरावा बघ. नवरीचं नाव घेतल्याशिवाय धवला सुरू होत नाही, हे तुला मी सांगायला नको. तू वही घेऊन आईपुढे बसलास तेव्हा समोर नवरी नव्हती, म्हणून तिने तुझ्या लेकीचं, गोदूचं नाव घातलं. एवढी वर्षं दुसऱ्यांची प्रुफं तपासतोस, पण हे नाव काढायचं तुला सुचलं नाही. तुमच्या पुस्तकात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जगातली प्रत्येक नवरी गोदूच आहे! माझ्या पुस्तिकेत नावाच्या जागी टिंबं आहेत, जिचं लग्न तिचं नाव घालायला. मग मी चोरलं काय, टिंबं?

आणखी एक. मुखपृष्ठावर तुझं नाव, प्रस्तावनेत ‘एका आगरी वृद्धेकडून ऐकलेली गीते’. त्या वृद्धेचं नाव जनीबाई आहे, आणि ती तुझी आई लागते.

वहिनींना नमस्कार, चि. गोदूस आशीर्वाद. मी रागावले आहे, पण माया आटलेली नाही. तुझीही आटू देऊ नकोस.

तुझी,
चंद्रा

&nbsp;

गिरगाव, मुंबई,
ता. १५ जानेवारी १९६१

चि. चंद्रावतीस,
कमळाकरचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. इतकं तिखट लिहितेस, वर्गातल्या पोरींचं कसं होत असेल कोण जाणे.

नोटीस जाणार हे मला माहीत नव्हतं, यावर विश्वास ठेव. पण शेटजींची बाजूही ऐकून घे. अशा पुस्तकाला गिऱ्हाईक नाही असं सगळे म्हणत असताना त्यांनी ते काढलं. मी स्वतः अकरा रविवार आईजवळ बसून लिहिलं. ते बाजारात आलं तर सहा महिन्यांत कोणा लुच्च्याने सबंध पुस्तक रद्दी कागदावर उतरवलं, वर भलत्याच माणसाचं नाव टाकलं आणि जत्रांतून विकलं. त्याला अडवायचं तर हक्क नको का? कायदा आईसारख्यांच्या बाजूनेच आहे. नाहीतर गरिबाच्या घरचं कोणीही उचलून नेईल.

प्रस्तावनेचं म्हणशील तर मी आईचं नाव लिहिलं होतं. शेटजींनी ते काढलं. नाव घातलं तर उद्या हक्क कोणाचा असा प्रश्न निघेल, असं ते म्हणाले.

आता अडचण अशी की वकिलाने माझ्याकडून प्रतिज्ञापत्र मागितलं आहे. ही गीते मी नव्याने रचून सिद्ध केली, ती माझी स्वतंत्र रचना आहे आणि तिचे हक्क मी प्रकाशकांना दिले, असं लिहून सही करायची. सही केली की तुझ्यावर दावा. नाही केली तर शेटजींकडची चौदा वर्षांची नोकरी जाईल. गोदूचं लग्न ५ मार्चला, पनवेलला, शिमगा झाला की. आमंत्रणं गेली आहेत, शेटजींनाही दिलंय. तेव्हा माझं ऐक, पुस्तिका गुपचूप पाठवून दे. प्रकरण मिटेल.

आईला थंडीत पहाटे अंगणात येऊ देऊ नकोस. नातीच्या मांडवात तिला उभं राहायचंय. थोरलेपणाचा मान ठेवून लोभ असू द्यावा.

तुझा,
कमळाकर

&nbsp;

पनवेल,
ता. २२ जानेवारी १९६१

ती. दादास,
चंद्रावतीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. नाव घातलं तर हक्क कोणाचा असा प्रश्न निघेल, या वाक्यावर मी थांबले. तू ते लिहून पुढे कसा गेलास? कायदा आईच्या बाजूने आहे आणि त्यासाठी पहिल्यांदा आईलाच खोडावं लागतं, हे मला चौथीच्या वर्गालासुद्धा समजावता येणार नाही.

जत्रेत विकणाऱ्याने तुझ्या शेटजींचा कागद आणि कष्ट बुडवले, त्याला खुशाल धरा. तिथे मी तुमच्या बाजूने साक्ष देईन. पण तो एक चोर सापडला म्हणून सगळ्या गावाला कुलूप लावायचं, हा कुठला न्याय?

वरात येते तो धवला घे. आईची मावशी उरणकडची. तिच्या गाण्यात नवरा होडीतून यायचा. आई इथे नांदायला आली, इथे बैलगाडी, म्हणून तिने गाडी घातली. कोणाला विचारलं नाही. हळदीच्या धवल्यातला मधाच्या पोळ्याचा तुकडा तर तिला कातकरवाडीच्या साळूने दिला, आणि बदल्यात साळूने आईची दोन गाणी नेली. मागच्या वर्षापासून आई एस.टी. म्हणते, कारण वऱ्हाड एस.टी.ने येतं. त्या होडीवालीने सर्व हक्क स्वाधीन ठेवले असते, तर आई अजून कोरड्या जमिनीवरून होडी वल्हवीत बसली असती. तुमच्या पुस्तकात गाडी आहे. ती आता तिथेच थांबली, तिचे बैल कोणी सोडणार नाही.

पुस्तिका मी देणार नाही. उरलेल्या मुलींसाठी रोज शाळा सुटल्यावर हाताने नकलून काढते आहे. नोटिशीला उत्तरही दिलं, मराठीत. आता त्यांनी अर्थ लावून घ्यावा.

खाली आईने सांगितलेलं, जसंच्या तसं.

कमळाकर, तुजी आय बोलतंय. गोदूच्या लग्नाला सगली वाट बगतान, मी पन बगतंय. पन तू कागदावर सही केलीस का ती गानी तुजी हायेत, तर मांडवान तूच गा. मी तोंड मिटून बसेन. लोकं इचारतील जनीबाई का गप हाय, तर सांगेन का माज्याकडं शेटची परवानगी नाय. नाय केलीस सही, तर मी गाईन. तुज्या शेटला पुस्तक घेऊन म्होरं बसव. त्याच्या पुस्तकान गोदूचं नाव, मांडवान पन गोदू. त्यानं छापलंय तसंच गाईन, आनि त्याला काय करायचं त्ये त्यानं करावं. माज्या मावशीनं मना शिकवलं तवा एकच सांगितलं, कोन शिकाया आलं तर नाय म्हनू नको. मी आजपातुर नाय म्हनलं नाय. जेवत जा. बारीक झालास.

तिची माया माझ्या अक्षरात मावत नाही, तेवढी जमेस धर.

चंद्रा

&nbsp;

गिरगाव, मुंबई,
ता. १८ फेब्रुवारी १९६१

चि. चंद्रावतीस, अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितो. सही केलेली नाही. करणार नाही, असंही अजून सांगितलेलं नाही. लग्नापर्यंत मुदत मागून घेतली आहे. शेटजी लग्नाला येणार, त्यांची पहिल्या रांगेत सोय करावी. आईला माझा दंडवत, तिच्यापुढे आणखी काही लिहायचा धीर होत नाही.

कमळाकर

&nbsp;

गिरगाव, मुंबई,
ता. १२ मार्च १९६१

चि. चंद्रावतीस,
कमळाकरचे अनेक उत्तम आशीर्वाद.

गोदू आणि आनंदराव उरणला सुखरूप पोचल्याचं पत्र आलं. तू मांडवात बायकांच्या बाजूला होतीस, म्हणून पुरुषांच्या बाजूला काय घडलं ते लिहितो.

शेटजी खरोखरच पुस्तक घेऊन आले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो. खिशात ते प्रतिज्ञापत्र, अजून बिनसहीचं. तोंड उघडण्याआधी आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. तोच माझा निर्णय, चंद्रा, तोपर्यंत मलाही माहीत नव्हता. मग तिने सुरू केलं. पहिला धवला अक्षरन् अक्षर पुस्तकातला. शेटजी ओळीवर बोट ठेवून ऐकत होते आणि खूश होत होते. आपल्या मालकीची वस्तू जागच्या जागी आहे म्हणून माणूस खूश होतो, तसे.

वरातीचा धवला आला आणि बोट थांबलं. नवऱ्याची एस.टी. जासईच्या चढावर बंद पडली होती ना, आईने ती बस गाण्यात घेतली. वऱ्हाडी धक्का मारतात, विहीणबाई खाली उतरायला तयार नाही, सगळं. बायका हसून लोळत होत्या. शेटजी पानं उलटत राहिले, हे कितव्या पानावर आहे म्हणून मला विचारलं. कुठल्याच पानावर नाही, असं मी सांगितलं.

मग माझ्यावरचं कडवं. बापाने लेकीला आधी बाजारात छापली आणि मग मांडवात आणली. मी आयुष्यात इतका शरमलो नाही आणि इतका हसलोही नाही.

तिला धाप लागली ते तू पाहिलंसच. मला वाटलं, संपलं. तोच तुझ्या आठ मुली उभ्या राहिल्या, चौघींच्या हाती पुस्तिका, चौघींच्या हाती तुझ्या अक्षरातले कागद, आणि टिंबांच्या जागी आठ गळ्यांतून माझ्या लेकीचं नाव उमटलं. आई भिंतीला टेकून नुसते ओठ हलवीत होती. तिथे मी रडलो. लेक सासरी चालली म्हणून रडतोय असं लोकांना वाटलं, ते एक बरं झालं.

जेवणानंतर शेटजींनी मला बाजूला घेतलं. आईच्या आवाजाचं तोंड भरून कौतुक केलं. मग विचारलं, ते बंद पडलेल्या बसचं कडवं मी उतरवून घेतलं का, दुसऱ्या आवृत्तीत घालता येईल, आणि हो, सही कधी देतोस.

सोमवारी बिनसहीचं प्रतिज्ञापत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं, सोबत राजीनामा. ही गाणी माझी नाहीत, जनीबाईंची आहेत आणि त्यांच्या आधीच्या कित्येकींची, असं माझ्या सहीचं पत्र वकिलालाही धाडलं. दावा लावायचा तर आता माझ्यावरही लावावा लागेल. तुझ्या वहिनीने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ते बसचं कडवं गुणगुणत भाकऱ्या थापत होती.

धर्मराजभाऊंना विचार, प्रुफं तपासणारा हवा का. पहिलं काम मी घेऊन येतो. पुस्तिका पुन्हा जुळवायची, आईचं नाव वर घालायचं, आणि जिथे हक्क स्वाधीन असल्याचं छापतात तिथे लिहायचं की ज्याला हवं त्याने गावं, बदलावं, छापावं, शिकायला आलेल्याला नाही म्हणू नये. टिंबांची जागा मात्र थोडी वाढव. वैशाखात तुझ्या आठ मुलींतल्या त्या सत्यवतीचं लग्न आहे ना, एवढ्याशा जागेत तिचं नाव मावत नाही.

आईच्या पायांवर माझं डोकं. भावाला पदरात घेतलंस, तसाच लोभ पुढेही राहू दे.

तुझा,
कमळाकर