बाबा गाडीत का बसत नाहीत

तीर्थरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं टेकली आहेत, उरलेली बरं वाटल्यावर.) तुमचा गुडघा आणि मामींचा रक्तदाब यांची खबर आईकडून कळते, दोन्ही आपापल्या जागी आहेत असं समजतो.

पत्रास कारण बाबा. मी नोकरी कसली करतो, हे तुम्ही भेटाल तेव्हा विचारता, म्हणून एकदाच सांगतो: शहरातला माणूस बसने जाईल, गाडीने जाईल की पायी, हे आम्ही गणित मांडून आधीच सांगतो. वेळ, भाडं, चालणं, थांब्यावरचं ताटकळणं, प्रत्येकाला वजन द्यायचं. ज्यात जाच कमी, ते साधन माणूस निवडतो. लाखो अनोळखी माणसं या गणिताबरहुकूम वागतात. बाबा वागत नाहीत. त्यांचं चष्म्यांचं दुकान माझ्या ऑफिसच्या वाटेवर, गाडी दारात, भाडं शून्य. महिनाभर बसलेही माझ्या शेजारी. मग एका सकाळी छत्री उचलली आणि थांब्यावर गेले. तेव्हापासून दोन बस बदलून, घामाघूम होऊन, उशिरा दुकान उघडतात.

मी हार मानली नाही. त्यांच्या पाठीसाठी सीटवर उशी ठेवली, त्यांच्या आवडीची गाणी भरली. गणितात गाडीचं पारडं पार जमिनीला टेकलं. बाबांनी उशी तेवढी दुकानात नेली. खरं सांगतो मामा, वाईट वाटलं. पोटच्या पोरापेक्षा बसचा कंडक्टर जवळचा वाटावा!

शेवटी आईनेच भाजी चिरता चिरता, मान वर न करता सांगितलं, "अरे, गाडीत तू असतोस ना." त्याचं असं आहे मामा, आमच्या धंद्यात लोकांना विचारावं लागतं: दहा मिनिटं वाचणार असतील, तर भाडं किती जास्त द्याल? मी ते बाबांना प्रत्येक सिग्नलला विचारत असे. (पुढे पुढे ते डोळे मिटून घेत. मला वाटे, विचार करतायत.)

मी लगेच गणितात 'चालकाची बडबड' असा रकाना घातला. आकडे इतके चपखल जुळले की साहेबांनी पाठ थोपटली. ही आनंदाची बातमी सांगायला धावत थांब्यावर गेलो, तर बाबा समोर आलेल्या बसमध्ये चढले. ती त्यांची बस नव्हती.

मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. गाडी घरी ठेवून कालपासून मीही बसने जातो, बाबांच्या शेजारी बसून. आज बाबा पायी निघाले. तुम्ही त्यांचे मेहुणे, तुमच्यावर चिडणार नाहीत. एवढं विचाराल का: मी अवाक्षर काढलं नाही, तर येतील का गाडीतून? एकट्याला करमत नाही हो.

दुसरा ता. क. 'येतो' म्हणालेच, तर लगे हात हेही विचारून घ्या: मी दहा मिनिटं गप्प बसणार असेन, तर किती उशीर चालेल?